गंधक मुद्दाम जवळपास कोणीच काढत नाही, तरी वर्षाला ८ कोटी टन निघतं

प्रश्न असा होता की जगात सगळ्यात जास्त सल्फर कुठला देश काढतो, त्याच्या खाणी कुठे आहेत, आणि वेगवेगळ्या टेबलांमधले आकडे एकमेकांशी जुळत का नाहीत. माझं बरंचसं काम सल्फर रिकव्हरी युनिटवर (एसआरयू, तेल-गॅसमधून सुटलेलं गंधक गोळा करणारा विभाग) झालंय, म्हणजे रिफायनरीच्या त्या कोपऱ्यात जिथे वास येतो आणि बाकीची मंडळी शक्यतो फिरकत नाहीत, त्यामुळे जरा लांबलचक लिहितोय, सवडीने वाचा.

आधी थेट उत्तर. सगळ्या प्रकारचं मिळून जगात वर्षाला ८ ते साडेआठ कोटी टन गंधक निघतं. पहिला नंबर चीनचा, अमेरिकेच्या जिऑलॉजिकल सर्व्हेच्या अंदाजाने १ कोटी ८०-९० लाख टनांच्या आसपास. त्याच्या बऱ्याच खाली अमेरिका, ८० लाखांच्या थोडं वर. मग रशिया आणि सौदी अरेबिया, दोघेही ७० लाखांच्या आजूबाजूला, यूएई साधारण ६० लाख, कॅनडा ५० लाखांच्या आसपास, कझाकस्तान ४०-५० लाख, भारत ३५ लाखांच्या आसपास, आणि कतार, दक्षिण कोरिया, जपान हे ३० लाखांच्या घरातले. दरवर्षी हे थोडंफार हलतं, मधल्या देशांच्या जागा वरखाली होतात, त्यामुळे पाठ करायच्या भानगडीत पडू नका.

आता या यादीत गंधकाची खाण शोधायला गेलात तर हाती फारसं काही लागणार नाही. शाळेत आपण शिकलो की गंधक हे खनिज आहे, पिवळे स्फटिक, ज्वालामुखीजवळ सापडतात वगैरे, ते खोटं नाही पण आजच्या उत्पादनात त्याचा वाटा एखाद-दोन टक्के. बाकी जे सगळं आहे ते दुसरं काहीतरी काढताना नाइलाजाने बाहेर पडलेलं. ढोबळ हिशोब सांगायचा तर साधारण दोन तृतीयांश हे नैसर्गिक वायू आणि कच्चं तेल साफ करताना निघतं, चौथाईच्या आसपास तांबं-जस्त-निकेल-शिसं वितळवताना निघणाऱ्या धुरातून, आणि जे उरतं त्यातलं बहुतेक पायराईट नावाचं खनिज भाजून, तेही मुख्यतः चीनमध्ये. सुताराकडे भुसा पडतो, भुशाचा भाव वाढला म्हणून कोणी जास्त टेबलं बनवत नाही, आणि भाव पडला म्हणून टेबलं बनवणं थांबवतही नाही. गंधकाचं अगदी हेच आहे आणि हे एकदा डोक्यात बसलं की टेबल वाचायची पद्धतच बदलते. देश नंतर बघायचा, आधी सोर्स बघायचा.

सगळ्यात मोठा सोर्स गॅस, म्हणून तिथून सुरुवात करतो. जमिनीतून येणारा गॅस काही ठिकाणी 'सावर' असतो, म्हणजे त्यात हायड्रोजन सल्फाईड असतो, आम्ही त्याला एचटूएस म्हणतो. हा गॅस विषारी, पाइप खाणारा, आणि कुठलाही ग्राहक तो घेणार नाही, त्यामुळे तो काढावाच लागतो. आधी अमाईन नावाच्या रसायनाच्या द्रावणात शोषून घ्यायचा, मग ते द्रावण तापवून गॅस परत सोडवायचा, आणि तो गॅस क्लॉस युनिटला पाठवायचा. कार्ल फ्रीडरिख क्लॉस याने १८८३ मध्ये पेटंट घेतलेली ही प्रोसेस मुळात सोडा बनवणाऱ्या कारखान्यांच्या कचऱ्यातून गंधक परत मिळवायला होती, तेल-गॅसशी तेव्हा तिचा काही संबंध नव्हता. तत्त्व साधं आहे: एचटूएसचा एक तृतीयांश भाग भट्टीत जाळून सल्फर डायऑक्साईड करायचा, आणि तो उरलेल्या दोन तृतीयांशाशी रिॲक्ट होऊन गंधक आणि पाणी देतो, अर्ध्याहून जास्त भट्टीतच आणि बाकीचं पुढच्या कॅटॅलिस्टच्या भांड्यांमध्ये. कागदावर साधं, चालवताना हवेचं प्रमाण जरा चुकलं की रिकव्हरी घसरते. दोन-तीन कॅटॅलिटिक स्टेज लावून ९५ ते ९८ टक्के मिळतं आणि त्याच्या वर जायचं तर मागे टेल गॅस ट्रीटिंग, म्हणजे शेवटी उरलेला गॅस परत साफ करणारं युनिट, लावावं लागतं, ते लावलं की ९९.९ पर्यंत. त्या शेवटच्या दोन-चार टक्क्यांसाठीचा खर्च मूळ युनिटच्या खर्चाच्या बराच जवळ जातो आणि त्यातून मिळणाऱ्या गंधकाने तो कधीच वसूल होत नाही. मग लावतात कशाला? कायदा आहे म्हणून.

एक ढोबळ नियम देतो, याने कुठल्याही गॅस फील्डचा अंदाज बांधता येतो. दिवसाला १० लाख घनफूट शुद्ध एचटूएस म्हणजे दिवसाला सुमारे ३८ टन गंधक. आता अबू धाबीचं शाह फील्ड घ्या. २०१५ मध्ये सुरू झालं तेव्हा डिझाईन रोज १०० कोटी घनफूट कच्च्या गॅसचं होतं आणि त्यात एचटूएस जवळपास २३ टक्के. म्हणजे २३ कोटी घनफूट एचटूएस, गुणिले ३८ टन दर दहा लाखाला, आलं पावणेनऊ हजार टन रोजचं. वर्षाचे तीस लाख टन वर, एका फील्डमधून! नंतर त्यांनी क्षमता अजून वाढवली. म्हणजे ज्या देशाचं नाव जुन्या याद्यांमध्ये फार वर नसायचं तो देश एका प्रोजेक्टच्या जोरावर सौदीच्या पाठोपाठ येऊन बसला, आणि तिथे कोणालाही गंधक नको होतं, त्यांना वीज बनवायला गॅस हवा होता. हे गंधक वाळवंटातून रुवैसच्या बंदरापर्यंत न्यायला त्यांनी रेल्वे टाकली. एतिहाद रेलचा पहिला टप्पा, शाह आणि हबशानवरून रुवैस, हा गंधकाच्या दाण्यांसाठीच बांधलेला आहे.

कझाकस्तानची गोष्ट उलट्या बाजूची. तिथल्या तेंगीझ या तेलक्षेत्राच्या तेलाबरोबर भरपूर एचटूएस येतो आणि तिथून मोकळ्या समुद्रावरचं बंदर फार लांब, त्यामुळे गंधक वर्षानुवर्षं साठत गेलं, पिवळ्या ठोकळ्यांचं मैदानच झालं, लाखो टनांचं. शेवटी २००७ मध्ये सरकारने उघड्यावर साठवल्याबद्दल ६० कोटी डॉलरच्या वर दंड ठोठावला, तो पुढे बराच कमी झाला, आणि कंपनीने मग साठा वितळवून, दाणे करून विकून टाकला. आता इथे टेबलवाल्यांची पंचाईत बघा. ज्या वर्षी साठ्यातून विकलं त्या वर्षी निर्यात उत्पादनापेक्षा जास्त दिसणार, ज्या वर्षी साठवलं त्या वर्षी उत्पादन आहे पण बाजारात नाही. जवळच्याच काशागान तेलक्षेत्रात तर एचटूएसने उत्पादनच होऊ दिलं नाही, २०१३ मध्ये सुरू करून काही आठवड्यांत बंद करावं लागलं कारण पाइपलाइनच्या स्टीलला सल्फाईडमुळे भेगा पडल्या, लाइनी बदलून परत सुरू व्हायला २०१६ उजाडलं.

रशियाचं गंधक मुख्यतः आस्त्राखानच्या गॅस प्लांटमधून येतं. कॅनडाचं अल्बर्टातून, पूर्वी जवळपास सगळं सावर गॅसमधलं होतं, आता ते गॅस फील्ड म्हातारे झालेत आणि ऑइल सँड्सचा, म्हणजे डांबरासारखं तेल मिसळलेल्या वाळूचा, वाटा वाढलाय, त्या डांबरी तेलात (बिट्युमेनमध्ये) ४-५ टक्के गंधक असतं. दक्षिण अल्बर्टातलं गंधक रेल्वेने व्हँकुव्हरला जातं, तिथल्या बंदरावरचा पिवळा ढीग पर्यटकांच्या फोटोत हमखास येतो. पण फोर्ट मॅकमरेसारख्या उत्तरेकडच्या ठिकाणावरून वाहतूक इतकी महाग पडते की भाव चांगला नसेल तर ओतून ठेवतात, थरावर थर, पिरॅमिडसारखे. हे ओतून ठेवणं फुकट नसतं बरं का. पावसात भिजलं की थायोबॅसिलससारखे जीवाणू त्याचं ॲसिड करतात, खालचं पाणी गोळा करून न्यूट्रल करत बसावं लागतं, आणि परत काढायचं तर वितळवायचा खर्च.

फ्रान्स हे माझं आवडतं उदाहरण. नैऋत्येला लाक नावाचं गाव, १९५१ मध्ये तिथे गॅस सापडला, एचटूएस १५ टक्क्यांच्या आसपास. काही वर्षांत फ्रान्स जगातल्या मोठ्या गंधक उत्पादकांमध्ये, मग फील्ड रिकामं होत गेलं, २०१३ मध्ये गॅसची विक्री थांबली आणि फ्रान्स यादीतून खाली. देशाने काही धोरण ठरवलं नव्हतं, वर जाताना नाही आणि खाली येतानाही नाही.

आता रिफायनरी. इथे गंधक तेलातल्या रेणूंच्या आत अडकलेलं असतं, त्यामुळे हायड्रोजन घेऊन कोबाल्ट-मॉलिब्डेनमच्या कॅटॅलिस्टवर दाबाखाली तोडावं लागतं, त्यातून एचटूएस होतो आणि पुढे तेच अमाईन, तेच क्लॉस. कच्च्या तेलात गंधक किती हे त्या तेलावर अवलंबून. उत्तर समुद्रातल्या ब्रेंटमध्ये ०.४ टक्क्यांच्या आसपास, सौदीच्या अरब लाइटमध्ये २ च्या जरा खाली, मेक्सिकोच्या मायात ३ च्या वर. दिवसाला १ लाख बॅरल, म्हणजे साधारण १३,६०० टन, २ टक्केवालं तेल घेतलं तर आत रोज २७० टन गंधक येतंय. पण २७० टन एसआरयूमधून बाहेर पडणार असं समजू नका, इथे नवखे लोक हमखास गडबड करतात. बराच भाग जड तेलात, डांबरात आणि पेटकोकमध्ये निघून जातो. कोकर (जड तेल तापवून त्याचा घन कोक करणारं युनिट) असलेली रिफायनरी गंधक कोकमध्ये ढकलते, हायड्रोक्रॅकरवाली (जड तेल हायड्रोजनने तोडणारी) एसआरयूकडे. म्हणजे दोन देशांनी तेच तेल तेवढंच प्रोसेस केलं तरी गंधकाचा आकडा वेगळा येऊ शकतो.

आणि दुसरं म्हणजे इंधनाचे नियम. अमेरिकेत २००६ पासून डिझेलमध्ये गंधक १५ पीपीएम (दहा लाखात १५ भाग), युरोपात १० पीपीएम, भारतात एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्सचं १० पीपीएम, चीनमध्येही १०. प्रत्येक नियमामागे नवीन हायड्रोट्रीटर (हायड्रोजनने गंधक तोडणारी युनिटं) आणि नवीन एसआरयू उभे राहिले. गंधकाच्या आकड्यातली वाढ समजून घ्यायची असेल तर खाण खात्याची कागदपत्रं बघून काही कळणार नाही, पर्यावरण खात्याची अधिसूचना बघा. दक्षिण कोरिया आणि जपानमध्ये स्वतःचं तेल जवळपास नाही तरी ते यादीत एवढे वर का, याचं अर्धं उत्तर हेच: दुसऱ्याचं तेल आणून साफ करतात, गंधक तिथे पडतं. भारताचंही बहुतांश तसंच. अमेरिकेचं ९० टक्क्यांहून जास्त रिफायनरी आणि गॅस प्लांटचं आहे, त्यातही टेक्सास आणि लुईझियाना या दोन राज्यांचा वाटा निम्म्याच्या आसपास.

जहाजांचं इंधन ही मात्र फसवी केस निघाली. १ जानेवारी २०२० पासून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जहाजाच्या इंधनातलं गंधक ३.५ वरून ०.५ टक्क्यावर आणलं, तेव्हा बरेच जण म्हणत होते आता गंधकाचा पूर येणार. थोडं वाढलंही असेल, पण अनेक जहाजवाल्यांनी स्क्रबर, म्हणजे धूर धुणारं यंत्र, बसवला, जुनंच स्वस्त तेल जाळतात आणि धुरातलं गंधक समुद्राच्या पाण्यात धुऊन सोडून देतात. ते गंधक कुठल्याच टेबलात येत नाही. कोळशाच्या वीज केंद्रांचंही तसंच, धुरातून गंधक काढतात पण त्याचा जिप्सम होतो, सिमेंटला किंवा बोर्डाला जातो, गंधक म्हणून कोणी मोजत नाही.

धातूवाल्यांचा भाग वेगळा आहे कारण तिथे पिवळं गंधक तयारच होत नाही. तांब्याच्या सल्फाईड कॉन्सन्ट्रेटमध्ये (माती-दगड वेगळे काढलेल्या खनिजाच्या भुकटीत) तांबं आणि गंधक जवळपास सारख्याच वजनाचं असतं, त्यामुळे टनभर तांब्यामागे टनभर गंधक सल्फर डायऑक्साईड बनून निघतं आणि त्याचं थेट सल्फ्युरिक ॲसिड करतात, सुमारे ३ टन. पूर्वी हा धूर चिमणीतून सोडायचे आणि आजूबाजूचं जंगल मरायचं. फिनलंडच्या औटोकुंपू या कंपनीने १९४० च्या दशकाच्या शेवटी फ्लॅश स्मेल्टिंग ही धातू वितळवायची नवी पद्धत आणली, त्याने धूर घट्ट झाला, म्हणजे त्यात सल्फर डायऑक्साईडचं प्रमाण इतकं की ॲसिड बनवणं परवडायला लागलं. आता एक अडचण अशी की ॲसिडचा ढीग मारता येत नाही. गंधक मैदानात ओतून वर्षानुवर्षं ठेवता येतं, ॲसिडच्या टाक्या भरल्या की स्मेल्टरच (धातू वितळवायचा कारखाना) बंद करावा लागतो, म्हणून स्मेल्टरवाला वेळ पडली तर पदरचे पैसे देऊनही ॲसिड उचलायला लावतो. जपान-कोरियाचं ॲसिड पार चिलीपर्यंत जहाजाने जातं ते उगाच नाही. चिली स्वतः स्मेल्टरवाला देश, त्याचं गंधक उत्पादन जे दिसतं ते जवळजवळ सगळं ॲसिडच्या रूपात, तरी ऑक्साईड खनिजातून तांबं विरघळवायला त्याला इतकं ॲसिड लागतं की बाहेरून आणावं लागतं.

नोरिल्स्कचं बघा. रशियाच्या उत्तरेचा हा निकेल-तांब्याचा कारखाना वर्षाला १५-२० लाख टन सल्फर डायऑक्साईड हवेत सोडत होता, जगातल्या सगळ्यात मोठ्या प्रदूषकांमध्ये नाव होतं. २०२३ मध्ये तिथे गॅस पकडायला सुरुवात झाली. पण एवढ्या उत्तरेला ॲसिड घेणार कोण आणि नेणार कसं? म्हणून ॲसिड बनवून ते चुनखडीने मारतात आणि जिप्सम करून तिथेच टाकतात. गंधक पकडलं, पण बाजाराच्या दृष्टीने शून्य.

चीनचा आकडा एवढा मोठा का, तर तिथे हे सगळे सोर्स एकाच वेळी आहेत. सिचुआनमध्ये पुगुआंगसारखी सावर गॅस फील्ड, एचटूएस १५ टक्क्यांच्या आसपास. किनाऱ्यावर प्रचंड रिफायनऱ्या. जगातला सगळ्यात मोठा तांबं-जस्त स्मेल्टिंगचा पसारा. आणि वर पायराईट, जे बाकी जगाने जवळपास सोडून दिलंय. पायराईट म्हणजे लोखंडाचा सल्फाईड, भाजला की गॅस निघतो, त्याचं ॲसिड, आणि मागे लोखंडाच्या ऑक्साईडची राख उरते, त्यात आर्सेनिक वगैरे असलं तर डोकेदुखी. आयात गंधक महाग झालं की चीनमधले पायराईटवाले जागे होतात, स्वस्त झालं की झोपतात. म्हणजे जगातल्या मोजक्या 'भाव बघून चालणाऱ्या' गंधकापैकी बरंचसं इथेच आहे. एवढं असूनही चीन दरवर्षी ८०-१०० लाख टन गंधक आयात करतो, कारण खतं. जाता जाता, सिचुआनकडच्या त्याच सावर गॅसच्या पट्ट्यात डिसेंबर २००३ मध्ये काईश्यानजवळ गॅसच्या विहिरीचा ब्लोआउट (गॅस ताब्याबाहेर उसळणं) झाला, एचटूएस गावांवर पसरला आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. एचटूएसचा सडक्या अंड्यासारखा वास येतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण १०० पीपीएमच्या आसपास गेलं की नाक बधिर होतं आणि वास येणं बंद होतं, हे माहीत नसतं. वास गेला म्हणजे गॅस गेला असं समजणारा माणूस परत येत नाही, म्हणून आमच्याकडे नाकावर कधीच विश्वास ठेवत नाहीत, डिटेक्टरवर ठेवतात.

खाणीचा इतिहास विचारला नव्हता तरी थोडा सांगतो कारण त्याशिवाय आजचं चित्र विचित्र वाटतं. एकोणिसाव्या शतकात गंधक म्हणजे इटलीजवळचं सिसिली बेट. लहान लहान पोरं, त्यांना कारुझी म्हणायचे, पाठीवर दगड वाहून खाणीतून वर आणायची, फार वाईट प्रकार होता. १८३८ मध्ये तिथल्या राजाने, दुसऱ्या फर्डिनांडने, गंधकाचा मक्ता एका फ्रेंच कंपनीला दिला, भाव वाढले, ब्रिटनने १८४० मध्ये आरमार पाठवलं आणि मक्ता रद्द करायला लावला. पण तोवर इंग्रज ॲसिडवाल्यांनी पायराईट वापरायला सुरुवात केली होती आणि ते परत पूर्ण वळलेच नाहीत. मग १८९४ मध्ये हर्मन फ्राशने लुईझियानात जमिनीत तीन नळ्या एकात एक घातल्या, बाहेरच्या नळीतून १६५ अंशांचं दाबाखालचं पाणी खाली सोडून गंधक जागेवरच वितळवलं आणि आतून हवा सोडून ते वर उचललं. खाणीत माणूस उतरायची गरजच संपली. त्यानंतर कित्येक दशकं अमेरिकेचं राज्य होतं. आणि ते कोणी संपवलं? कुठल्या दुसऱ्या खाणीने नाही, गॅस आणि रिफायनरीच्या नकोशा गंधकाने. अमेरिकेतली शेवटची फ्राश खाण २००० मध्ये बंद झाली.

आज पोलंडमध्ये ओसिएकला याच पद्धतीने काढतात, १९५३ मध्ये तार्नोब्झेगला साठे सापडले तेव्हापासूनची ती परंपरा. इराकमध्ये मोसुलच्या दक्षिणेला मिश्राकचा साठा अवाढव्य आहे, पण २००३ मध्ये तिथे आग लागली ती जवळपास महिनाभर जळत होती आणि २०१६ मध्ये आयसिसने परत पेटवलं. इंडोनेशियात कावाह इजेनच्या विवरातून माणसं अजून खांद्यावर टोपल्या घेऊन गंधक आणतात, त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत आणि म्हणूनच बहुतेक लोकांना वाटतं गंधक असं निघतं. जगाच्या हिशोबात ते नगण्य आहे.

आता भाव, कारण पुरवठा भावाकडे बघत नसेल तर भावाचं काय होतं हा खरा मजेशीर भाग. गंधकाचा ८५-९० टक्के भाग सल्फ्युरिक ॲसिडला जातो आणि त्यातला निम्म्याहून जास्त फॉस्फेट खतांना. म्हणजे एका बाजूला मागणी डीएपी वगैरे खतांच्या हंगामावर, दुसऱ्या बाजूला पुरवठा तेल-गॅसच्या उत्पादनावर, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मग जरा तंगी आली की भाव आभाळाला, जरा सैल झालं की मातीत. २००८ च्या मध्यावर टनाला ८०० डॉलर पार गेला होता, वर्ष संपेपर्यंत ५० च्या आसपास लोळत होता. काही उत्पादकांना तर वाहतूक वजा केली की हातात काही उरत नव्हतं, तरी युनिट चालूच, कारण एसआरयू बंद म्हणजे रिफायनरी बंद किंवा एचटूएस फ्लेअरला, म्हणजे जाळून हवेत, आणि ते चालत नाही. भाव पडला म्हणून एसआरयूचा लोड कमी करा असा फोन मला कधी आलेला नाही, पण एसआरयूला लोड घेता येत नाही म्हणून जास्त गंधकाचं तेल कमी करा असे फोन बरेच झालेत.

सध्या मागणीच्या बाजूला नवीन गिऱ्हाईक आलंय, इंडोनेशियातलं निकेल. तिथल्या लॅटेराईट खनिजातून बॅटरीसाठीचं निकेल काढायला उच्च दाबाखाली ॲसिडमध्ये विरघळवतात आणि एका टन निकेलमागे कित्येक टन गंधक खर्च होतं. आफ्रिकेत काँगोच्या तांब्या-कोबाल्टलाही ॲसिड लागतंच. गंमत बघा, तेल जाळणं कमी करण्यासाठी जी बॅटरी बनवायची तिला लागणारं गंधक तेलातूनच येतं. २०२२ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी यावरच इशारा दिला होता, की ॲसिडची मागणी २४.६ कोटी टनांवरून २०४० पर्यंत ४० कोटींवर जाईल आणि तेल कमी झालं तर मोठी तूट पडेल. मला स्वतःला तूट इतकी भयंकर वाटत नाही. कॅनडात ओतून ठेवलेलं गंधक आहे, पायराईट जगभर पडलंय, जिप्समला तर अंत नाही, आणि भाव दीर्घकाळ वर राहिला तर फ्राशही परत येईल. पण फुकट पडणारं गंधक आणि मुद्दाम काढलेलं गंधक यांच्या किमतीत फार फरक आहे आणि तो खतावर येणार, यात शंका नाही. त्यापेक्षा जवळची काळजी मला होर्मुझच्या सामुद्रधुनीची वाटते, सौदीचं पूर्व किनाऱ्यावरचं, यूएईचं रुवैसवरून निघणारं, कतार, कुवेत, इराण, या सगळ्यांचं गंधक त्या एकाच चिंचोळ्या वाटेने बाहेर येतं आणि जगातल्या समुद्री व्यापाराचा फार मोठा हिस्सा तोच आहे.

राहिला आकडे न जुळण्याचा प्रश्न. पहिलं कारण, काही टेबलं फक्त पिवळं गंधक मोजतात आणि काही सगळ्या रूपातलं. पहिल्या प्रकारात चिली जवळपास गायब होतो आणि चीनचा आकडा बराच खाली येतो, कारण स्मेल्टरचं ॲसिड आणि पायराईट वगळलं जातं. दुसरं, ॲसिडचे टन आणि गंधकाचे टन यांची सरमिसळ. ॲसिडमध्ये गंधक ३२.७ टक्के, म्हणजे १ टन गंधकापासून ३ टनांच्या थोडं वर ॲसिड, आकडा तिप्पट दिसला की हेच झालंय असं समजा. तिसरं, ॲसिडचं उत्पादन म्हणजे गंधकाचं उत्पादन नव्हे. मोरोक्को जगातल्या मोठ्या ॲसिड उत्पादकांपैकी, तिथला फॉस्फेट उद्योग प्रचंड, पण गंधकाच्या यादीत तो दिसतच नाही कारण सगळं गंधक जहाजाने येतं. त्या गंधकाची नोंद अबू धाबीत किंवा कझाकस्तानात आधीच झालेली असते, ॲसिडचा आकडा वर धरला तर तेच गंधक दोनदा मोजलं जाईल. चौथं, काही देश उत्पादन सांगतात आणि काही शिपमेंट, ज्यांच्याकडे साठे आहेत त्यांच्या बाबतीत या दोन्हीत एखाद्या वर्षी लाखो टनांचा फरक पडतो. आणि चीन, रशिया, इराण यांचे बरेचसे आकडे अंदाज असतात, जुन्या वर्षाचा आकडा मागाहून दुरुस्तही होतो, त्यामुळे दोन टेबलं ताडून बघताना ती कुठल्या वर्षी छापली तेही बघा, फक्त कुठल्या वर्षाबद्दल आहेत तेवढं बघून भागत नाही.